प्रशिक्षण लागलं

नोकरी लागते, ठेच लागते, तसं आमच्याकडे प्रशिक्षण ‘लागतं’. महापालिकेच्या शाळेत उभी हयात काढलेल्या कुठल्याही बाईंना विचारा, त्यांच्या तोंडी हेच क्रियापद येईल. “तुम्हाला लागलं का हो?” “नाही, मला गेल्या महिन्यात लागून गेलं.” परक्या माणसाने हे ऐकलं तर त्याला वाटावं, शाळेत कसली तरी साथ आली आहे. परिपत्रक येतं, त्यातल्या आपल्या नावाखाली मोठ्या बाई लाल रेघ ओढतात, सूचना-वहीत सही घेतात आणि आपण आपला वर्ग शेजारच्या बाईंच्या गळ्यात घालून निघतो. मुलांना नीट कसं सांभाळावं हे शिकायला जायचं, तर आधी मुलांना वाऱ्यावर सोडावं लागतं. या गमतीची सवय व्हायला मला पाच-सहा वर्षं लागली. पुढची पंचवीस मी तक्रार न करता गेले.

1993 साली मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले. घर मुलुंडला, शाळा घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. डी.एड.च्या दोन वर्षांत आम्हाला पाठ-टाचण काढायला शिकवलं, फळ्यावर तिरकं न लिहिता लिहायला शिकवलं. पण वर्गात एखादं न ऐकणारं, न बघणारं, न चालणारं मूल आलं तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही, कारण ते येणारच नाही असं गृहीत होतं. मुंबईत कर्णबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली होती, अंधांसाठी अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी 1900 साली शाळा काढली, तीच आज दादरला कमला मेहतांच्या नावाने आहे. या शाळांनी फार मोठं काम केलं. मात्र त्यांच्यामुळे आम्हा साध्या शिक्षकांची एक सोयही झाली: “याला त्या शाळेत घाला” एवढं पालकांना सांगितलं की आपलं कर्तव्य संपलं. मीसुद्धा दोघा-तिघांना असं सांगितलेलं आहे. ती मुलं त्या शाळेपर्यंत पोचली का, हे मी विचारलं नाही.

मला पहिलं ‘अपंग समावेशित शिक्षण’ लागलं ते 2006 मध्ये, अंधेरी पूर्वेला, पाच दिवसांचं. तेव्हा मेट्रो नव्हती, ती 2014 च्या जूनमध्ये आली. घाटकोपर स्टेशनवरून 340 नंबरची बस धरायची आणि असल्फा, साकीनाका, मरोळ करत, एका पायावर उभं राहून अंधेरी गाठायची. शेवटच्या नाक्यावर उतरेपर्यंत माझं स्वतःचंच एखादं अंग कामातून गेल्यासारखं वाटे.

पहिल्याच दिवशी आमच्या डोळ्यांना ओढण्या बांधल्या आणि पाण्याच्या पिंपापर्यंत जाऊन यायला सांगितलं. चाळीस शिक्षक, एक सभागृह, अर्ध्या खुर्च्या मोडक्या. कुणी कुणाच्या पायावर पाय दिला, कुणी भिंतीला ‘सॉरी’ म्हणाला, हशा झाला. मग तज्ज्ञ मार्गदर्शकांनी आवाज खाली आणून विचारलं, “आता कळलं का, अंध मुलाला काय वाटत असेल?” सगळे गंभीर झाले. एक बाई रडल्यासुद्धा. मीही त्या दिवशी हेलावून घरी गेले.

हा खेळ फसवा आहे हे पुढे कळलं. दोन मिनिटं डोळे बांधलेल्या माणसाला कळतं ते फक्त दोन मिनिटं डोळे बांधल्यावर काय होतं एवढंच. जन्मापासून न दिसणारं पोर असं चाचपडत नाही. त्याने जिन्याच्या पायऱ्या मोजलेल्या असतात, कुठल्या बाईंच्या चपला कशा वाजतात ते त्याला ठाऊक असतं. आम्ही त्या सभागृहातून भीती आणि कणव घेऊन आलो. कणव वाटणारी बाई मुलाला गृहपाठ देत नाही. “राहू दे बाळा” म्हणते आणि त्याचं वर्ष बुडवते.

पाचव्या दिवशी आम्हाला एक तपासणी-सूची मिळाली. मूल हाक मारल्यावर लक्ष देत नाही, सूचना पुन्हा पुन्हा सांगावी लागते, उत्तर विसंगत देतं, एकटं बसतं. पुढे चौकोन, त्यात बरोबरची खूण करायची. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, सूचीत त्यांचे रकाने होते. मी नव्या उत्साहाने शाळेत परतले आणि तिसरीच्या माझ्या वर्गाकडे सूची हातात धरून पाहू लागले.

खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचं नाव बदलून लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. गोरा, बारीक, कायम हसरा. काही विचारलं की हसायचा. पुन्हा विचारलं की आणखी हसायचा. बावन्न मुलांच्या वर्गात त्रास न देणारं मूल म्हणजे लॉटरी, म्हणून दीड वर्ष मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. सूचीत त्याच्यापुढे सहा खुणा झाल्या. मी ‘मतिमंद’ हा रकाना भरला. खाली सही केली. अक्षर माझं चांगलं आहे, त्यामुळे ते फारच ठसठशीत दिसत होतं.

महिन्याभराने फिरत्या विशेष शिक्षिका आल्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, कंत्राटावर, खांद्याला भली मोठी पिशवी. तुमच्याकडे शाळा किती, असं विचारलं तर बोटं मोजायला लागल्या. त्यांनी माझा कागद वाचला, काही बोलल्या नाहीत. मुलाची वही मागितली.

“बाई, फळ्यावरचं किती छान उतरवलंय यानं.”

“हो, उतरवतो छान.”

“आणि श्रुतलेखन?”

“कोरं.”

“मग?”

त्या ‘मग’वर मी थांबले. त्या मात्र उठून मुलाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, माझं हजेरीपत्रक तोंडासमोर धरलं आणि त्याला नावाने हाक मारली. तो वहीत रेघोट्या मारत राहिला. डावीकडून टिचकी वाजवली. नाही. उजवीकडून, जरा जवळून. वळला आणि हसला. एवढीच परीक्षा. दीड मिनिटं लागली असतील.

संध्याकाळी आईला बोलावलं. ती म्हणाली, “कान वाहतो ना त्याचा. पावसात जास्ती. मी घालते की गरम तेल.” हे तिने आधी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. पहिलीत येतानाच कुणी ‘कान वाहतो का’ एवढं विचारलं असतं तर! आमच्या डोंगरावरच्या वस्तीत पावसाळ्यात किती मुलांच्या कानात कापसाचा बोळा असतो, हे मी रोज पाहत होते. त्या बोळ्याचा श्रुतलेखनाशी संबंध लावायला मला चौदावं वर्ष उजाडावं लागलं.

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची, वाणी आणि श्रवणाचं काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासूनची. तिथे त्याची तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी, डाव्याने फारच कमी. बुद्धी अगदी तुमच्या-माझ्यासारखी. यंत्र मिळालं. मला वाटलं, सुटलो. चष्मा लावला की दिसतं, तसं यंत्र लावलं की ऐकू येईल. आठवड्यात त्याने ते काढून खिशात ठेवलं. विशेष शिक्षिकेने मला यंत्र स्वतःच्या कानाला लावून बघायला सांगितलं. आपल्या वर्गात किती आवाज आहे ते मला तेव्हा कळलं: पंख्याची घरघर, बाकांचं करकरणं, पलीकडच्या वर्गातले पाढे, रस्त्यावरचा रिक्षाचा भोंगा, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी बाई. यंत्राला मी आणि पंखा सारखेच.

त्या बाईंनी मला तीन गोष्टी सांगितल्या. त्याला पुढे घ्या, पण पंख्याखाली नको, आणि उजवा कान तुमच्याकडे येईल असं बसवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. प्रश्न विचारलात की त्याच्याकडे बघून थांबा. दुसरी सर्वांत अवघड गेली. फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची सवय सुटायला मला वर्ष लागलं. आणि सुटली तेव्हा लक्षात आलं की मागच्या बाकांवरची इतर आठ-दहा मुलंही आता उत्तरं देत आहेत.

मुलगा पाचवीपर्यंत माझ्या नजरेसमोर होता, बरा शिकला. चौथीच्या बाईंनी जूनमध्ये मला विचारलं, “तुमचा तो मतिमंद माझ्याकडे आलाय ना?” मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तरी दिवाळीपर्यंत ‘तोच ना’ चालूच होतं. आधीचा कागद कार्यालयात कुठल्याशा फायलीत गेला होता, आणि तिथून कागद परत मागायचा अर्जाचा नमुना नव्हता.

शब्द बदलत गेले. आमच्या परिपत्रकांत अपंग होते ते ‘विशेष गरजा असणारी बालके’ झाले, मग दिव्यांग झाले. डिसेंबर 2016 मध्ये नवा दिव्यांग हक्क कायदा संमत झाला, 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, आणि सातांचे एकवीस प्रकार झाले. फार चांगला कायदा. आमच्यापर्यंत तो पोचला एकवीस नावांची यादी होऊन. आम्ही ती वहीत उतरवून घेतली, काहींनी पाठ केली. प्रशिक्षणाच्या शेवटच्या चाचणीत विचारलं जायचं, ‘खालीलपैकी कोणता प्रकार यादीत नाही?’ त्याच कायद्यात सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, त्यावर चाचणीत प्रश्न नव्हता. डोंगरावरच्या एका मुलीला योजनेतून चाकाची खुर्ची मिळाली होती. मी तिच्या घरी गेले तेव्हा खुर्ची घडी घालून खाटेखाली होती आणि तिच्यावर गोधड्या रचलेल्या. खुर्ची फिरवायला सपाट जमीन लागते, तिच्या दारापासून रस्त्यापर्यंत नुसत्या पायऱ्या. आई तिला पाठीवर घेऊन आठवड्यातून दोनदा शाळेत आणायची. बाकीचे दिवस ‘गृहाधारित’. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आला. ज्यांना खरंच बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी तो हवाच. पण मला त्याची धास्ती वाटते. नाव पटावर, पोर खाटेवर, आणि सगळ्यांचा आकडा बरोबर.

वाचन-अक्षमतेचं प्रशिक्षण तर मी चार वेळा केलं. महाराष्ट्राने या मुलांना परीक्षेत सवलती 1996 पासूनच द्यायला सुरुवात केली होती, इतर राज्यांच्या कितीतरी आधी. ‘तारे जमीन पर’ 2007 च्या डिसेंबरात आला आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्रशिक्षणात तो चित्रपट दाखवून अर्धा दिवस भरला. पडद्यावर मोठा ‘बी’ आणि ‘डी’ यायचा: मूल या दोन अक्षरांत गोंधळतं. आमच्या मराठी शाळेतल्या पोरांचा ‘बी’ आणि ‘डी’शी संबंध काय? आमच्याकडे ‘घ’ आणि ‘ध’ असतो, ‘भ’ आणि ‘म’ असतो. ‘ख’चा ‘रव’ होतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मात्र नंतर, हा आपल्या लिपीचा उलटा न्याय आहे. डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचणाऱ्या मुलाला तो छळतो. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो. हे मी एका प्रशिक्षणात उठून सांगितलं. मार्गदर्शक भले होते, म्हणाले, “मॅडम, हे लिहून द्या.” मग हसून पुढे म्हणाले, “ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र विचारू नका, त्यात मीही अक्षम आहे.”

त्याहून मोठा घोळ आमच्या उपनगरांचा. मराठी शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी मराठीच बोलतात असं नाही. माझ्या वर्गात घरी गोरमाटी बोलणारी मुलं होती, भोजपुरी बोलणारी होती, कानडी बोलणारी होती, मालवणी तर होतीच. एका मुलीचं वाचन अडखळतं म्हणून मी तिचंही नाव यादीत घालणार होते. बारकाईने पाहिलं तर ती अक्षराला अडत नव्हती, ‘ओसरी’ला अडत होती, ‘परसबागे’ला अडत होती. दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या पोरीने ओसरी पाहिली कुठे? बरं, खरीखुरी अक्षमता असलेलं मूलही त्याच बाकावर असतं. प्रमाणपत्रासाठी शीव किंवा नायर रुग्णालयात जायचं म्हणजे डोळे, कान, बुद्ध्यांक, अभ्यास अशा एकेक तपासण्या. तितके फेरे आणि तितकी आईची बुडालेली रोजी. म्हणून शंकेवरून नाव पाठवणं आणि न पाठवणं, दोन्हीचं ओझं शिक्षकावरच येतं. कुठल्याही पुस्तिकेत याचा रकाना नसतो.

वीस मिनिटांच्या एका भाषणाने मात्र माझी पाच-पाच दिवसांची सगळी प्रशिक्षणं फिटली. एका निवृत्त परिचारिकेने जेवणाच्या सुट्टीआधी, सगळे डबे उघडायच्या घाईत असताना, फिट आली तर काय करायचं ते सांगितलं. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, कॉलर सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, हात-पाय दाबू नका, पाणी पाजू नका, पाच मिनिटांवर गेलं तर रुग्णालय. सहा महिन्यांनी माझ्या वर्गात एक मुलगा बाकावरून खाली आला. मी त्याला कुशीवर घेतलं तोवर आमच्या मावशी एका हातात फोडलेला कांदा आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन धावत आल्या. मी चप्पल अडवली. “बाई, पोरगं मरंल!” त्या ओरडल्या. “मावशी, घड्याळ बघा!” मी ओरडले. दोन मिनिटं आणि काही सेकंद. मावशींच्या आयुष्यातली ती पहिली चप्पल न लावलेली फिट. पुढे त्याच वर्ग-वर्गात जाऊन ‘कांदा लावायचा नसतो’ म्हणून सांगायच्या, आणि माझ्यापेक्षा त्यांचं लोक जास्त ऐकायचे.

टाळेबंदीत प्रशिक्षण मोबाईलमध्ये आलं. ‘निष्ठा’ हे शिक्षक-प्रशिक्षण 2019 च्या ऑगस्टमध्ये समोरासमोर सुरू झालं होतं, पुढच्या वर्षी ते ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर गेलं. अठरा कोर्स, आणि पहिलाच पाठ्यक्रम व समावेशक शिक्षणाचा. कबूल करते: त्याचा व्हिडिओ मी कुकरच्या शिट्ट्या मोजत ‘पाहिला’ आणि चाचणीची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली भरली. प्रमाणपत्र रंगीत आलं. निवृत्तीनंतर सवडीने तेच भाग पुन्हा ऐकले, तर चांगले होते. चीड आली ती स्वतःचीच.

नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत मलाच सुलभक केलं. प्रशिक्षण राज्यातून जिल्ह्यात, तिथून वॉर्डात, वॉर्डातून बीटमध्ये येतं आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी त्यात वाटीभर पाणी घालतं. दह्याचं ताक, ताकाचं पाणी. ते पाणी वाटण्याचा मान मुलुंडला माझ्याकडे आला. मी एक केलं: आधीच्या दिवशी सगळ्यांना निरोप पाठवला की चार्टपेपर, स्केचपेन काही आणू नका, वर्गातल्या एका मुलाची वही आणा. ज्याचं काय करावं ते तुम्हाला कळत नाही त्याची.

चौतीस शिक्षक, एकतीस वह्या. तिघं म्हणाले, आमच्या वर्गात असं कुणी नाही. दिवसभर आम्ही वह्याच पाहिल्या. या ओळी वर का चढतात? हा पानाच्या डाव्या अर्ध्या भागातच का लिहितो, त्याला उजवीकडचं दिसतं का? बोरिवलीहून बदली होऊन आलेल्या एका सरांनी सांगितलं की घंटा झाली की त्यांचा एक मुलगा कान दाबून किंचाळतो, म्हणून आता एक मिनिट आधी ते त्याच्या बाकावर दोन बोटं वाजवतात. हे कुठल्या पुस्तिकेत होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, “त्याच्या आजीने सांगितलं.” दुपारनंतर ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ म्हणणाऱ्यांपैकी दोघं म्हणाले की एक आहे, उद्या आणतो.

अभिप्रायाचे कागद नेहमीसारखे. ‘प्रशिक्षण अत्यंत उपयुक्त होते.’ ‘चहा थंड होता.’ एकावर फक्त एक ओळ होती: ‘वह्या बघणं सोपं आहे, माझ्या वर्गात येऊन दाखवा.’ खाली नाव, शाळा, इयत्ता, मजला, वेळ.

पुढच्या गुरुवारी गेले. दुसरी इयत्ता, तिसरा मजला, सेहेचाळीस मुलं. ज्याच्यासाठी बोलावलं होतं तो बाकाखाली बसला होता, पाठमोरा. मी चाळीस मिनिटं वर्ग घेतला. माझ्या पोतडीतलं सगळं बाहेर काढलं, गाणं, चित्रं, गोट्या. पंचेचाळीस मुलं खूश. त्याने एकदाही मान वळवली नाही. त्या तरुण बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, “बघितलंत?” आवाजात खोच नव्हती, हायसं वाटल्यासारखं होतं. मग आम्ही दोघी जिन्यात बसलो आणि तो कधी खाली जातो, कुठल्या तासाला, कोण आल्यावर, ते वेळेसकट लिहायला लागलो.

त्या दिवशी तो बाकाखालून बाहेर आला नाही. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले.